खालची तुळई

पटाशी धरताना उजव्या अंगठ्याचा सांधा दुखू लागला, तेव्हा आधी वाटलं थंडीचं असेल. थंडी गेली, पावसाळाही गेला, आणि दुखणं अंगठ्यातून मनगटात उतरलं. सांधा झिजला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऐनाच्या गाठींवर इतकी वर्षं पटाशी ठोकल्यावर तो झिजणारच. दुखणं सोसता येतं. न सोसवणारी गोष्ट निराळी आहे. यापुढं छपराच्या कैच्या माझ्या हातून व्हायच्या नाहीत, त्या कुणाकडून तरी करून घ्याव्या लागणार. जन्मभर लोक माझ्याकडं छप्पर मागायला आले. आता छप्पर पुरवणारा शोधायला मी निघालो आहे, आणि हे मला अजून नीट पचलेलं नाही.

काम गुहागरच्या बाजूचं आहे. जांभ्याचं घर, मधे 20 फूट रुंद आणि 30 फूट लांब अशी एकच मोठी खोली. मालक पुण्याचे. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. छप्पर उंच, वासे आढ्यापर्यंत उघडे, माळा नाही, तक्तपोशी नाही, मधे खांब नाही, आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर जाणारी एकही आडवी तुळई नाही. याला ते व्हॉल्टेड सीलिंग म्हणतात. माझा पुतण्या माझ्याच हाताखाली शिकला आणि आता नकाशे संगणकावर काढतो. तो म्हणाला, "काका, यात कठीण काय? अशा कैच्या तयार मिळतात." कठीण काय ते मी त्याला तिथं मालकांसमोर सांगितलं नाही. तेव्हापासून मात्र रोज सांगतो आहे.

कठीण आहे ती खालची तुळई, जी त्या फोटोत नाही.

20 फुटांचा गाळा, 30 अंशांचा उतार, दर 8 फुटांवर कैची, वर मंगलोरी कौलं. रिपा, वासे, कौलं धरून एका कैचीच्या वाट्याला सव्वा टनाच्या आसपास भार येतो. हा भार खाली जातो तसा बाहेरही जातो. दोन तिरके वासे माथ्याशी एकमेकांना टेकले की त्यांचे पाय फाकायला बघतात, आणि या मापात तो रेटा एकेका पायाशी अर्ध्या टनाहून थोडा जास्त भरतो. उतार 20 अंशांवर आणला, तर पाऊण टनाच्या वर जातो. खालची तुळई असली की ती हा सगळा रेटा स्वतःच्या अंगात ओढून घेते, आणि भिंतीला फक्त वजन पेलायचं उरतं. तुळई काढली की रेटा भिंतीच्या माथ्यावर येतो. जांभ्याची भिंत वजन पेलायला उत्तम. वरून खाली कितीही दाबा, ती तक्रार करत नाही. पण माथ्याशी बाहेर ढकललेली तिला सोसत नाही. मग कोपऱ्यांजवळ चीर जाते, वर रुंद आणि खाली निमुळती. अशी चीर दिसली की मी भिंतीकडं बघत नाही, वर बघतो.

बरेच जण मधला मार्ग काढतात. तुळई काढत नाहीत, वर उचलतात. नजरेच्या आड गेली, खोली उंच दिसली, तुळईही राहिली, म्हणजे सगळ्यांचंच समाधान. पण हिशेब असा आहे की तुळई आढ्याच्या निम्म्या उंचीवर नेली, की तिच्यावरचा ताण दुप्पट होतो. पाऊण उंचीवर नेली, की चौपट. आणि तुळईच्या खाली जो वाशाचा भाग उरला, त्याला आता कुणाचा आधार नसतो, तो वाकायला लागतो. आढ्याच्या जवळ एक नाजूक आडवी पट्टी मारून "बांधलं की" म्हणणारे सुतार मी पाहिले आहेत. ती पट्टी वाऱ्यात वासे एकमेकांपासून सुटू देत नाही, एवढंच तिचं काम. रेट्याशी तिचा काही संबंध नाही. एक तृतीयांश उंचीच्या वर तुळई नेऊ नये, हे मी शिकलो तेव्हा त्यामागचा हिशेब मला माहीत नव्हता. पुतण्यानं तो कागदावर मांडून दाखवला तेव्हा फार बरं वाटलं. जुनं ऐकलेलं खरं निघतं तेव्हा माणूस उगीचच मोठा होतो.

आमच्याकडच्या जुन्या घरांत हा प्रश्नच नव्हता. माजघराची भिंत किंवा तिच्यातले खांब थेट आढ्यापर्यंत जायचे. आढं खांबांवर बसलेलं, आणि वासे आढ्याला अडकवून खाली सोडलेले. आढं जागचं हलत नाही म्हटल्यावर वासे फाकणार कसे? शिवाय माळ्याच्या तुळया दोन्ही भिंतींना धरून असायच्या. त्या घरांत शिरलं की अंधार लागतो, धुरानं काळं झालेलं लाकूड लागतं, आणि मधे खांब आडवा येतो, हे खरं. पण त्या खांबानं काय काय सांभाळलं होतं, ते खांब काढायला निघाल्यावरच कळतं. 1865 मध्ये बासेल मिशननं मंगलोरात कौलांचा कारखाना काढला, आणि एकात एक बसणारी ही कौलं पुढं साऱ्या किनाऱ्यावर पसरली. नळीची कौलं हटली, छपराचं वजन आणि रिपांचं अंतर बदललं, इंग्रजी बांधणीच्या कैच्या शाळांवर, कचेऱ्यांवर, डाकबंगल्यांवर चढल्या. त्या कैचीत मधला खांब गेला, पण खालची तुळई तशीच राहिली. आता लोकांना तीही नको झाली आहे.

मालकांच्या वास्तुविशारदानं मला लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं चित्र दाखवलं. "मेस्त्री, हे बघा, 68 फुटांचा गाळा, मधे एक खांब नाही आणि सरळ तुळईही नाही." मी ते चित्र घरी घेऊन गेलो आणि खूप वेळ बघत बसलो. 1390च्या दशकात ह्यू हरलँड नावाच्या सुतारानं केलेलं ओकचं छप्पर. भिंतीतून आत आलेल्या आखूड तुळया, त्यांच्यावर उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या मोठ्या कमानी. असं काम करणारा हात कसा असेल, या विचारानं मला झोप लागली नाही. पण मी भिंतीही पाहिल्या. त्या अतिशय जाड आहेत, आणि छपराचा रेटा पेलायला त्यांना बाहेरून दगडी टेकू दिलेले आहेत. एवढं असूनही विसाव्या शतकात त्या छपरात पोलाद घालावं लागलं, कारण किड्यांनी ओक पोखरला होता. रेटा कुठंही नाहीसा होत नाही. तो कुणाच्या अंगावर टाकायचा, एवढंच सुताराच्या हातात असतं. आमच्या गुहागरच्या घराला भिंत आहे एका चिऱ्याची.

इथं एक कबूल करायला हवं. उघडं छप्पर मलाही आवडतं, आणि त्याचं कारण फार थोर नाही. बंद छपराखाली माझं काम तक्तपोशीच्या मागं जातं. उघड्या छपराखाली ते सगळ्यांच्या डोक्यावर असतं. घरभरणीला पाहुणे आत येतात, मान वर करतात, आणि क्षणभर बोलायचं थांबतात. त्या वेळी मी नेहमी अशा जागी उभा असतो, जिथून त्यांचे चेहरे दिसतील. लोखंडी बोल्ट वापरावा लागला, तर त्याचं डोकं लाकडात बुडवायचं, वर त्याच लाकडाची डाट बसवायची, आणि डाटेचे रेषे आजूबाजूच्या रेषांशी जुळवायचे, हे मी करत आलो. त्यानं छप्पर एक किलोही जास्त पेलत नाही. दुसऱ्या सुतारानं वर बघून "लोखंड कुठं आहे?" असं विचारावं, एवढ्यासाठीच ते असतं. कैच्या बाहेरून आणायच्या म्हटल्यावर पहिली कळ इथंच उठली. वर बघून लोक जे बोलतील, ते दुसऱ्याच्या कामाबद्दल असेल.

पुरवठादार शोधायला निघालो तेव्हा आधी ओळखीच्या वखारींत गेलो, कारण पाय तिकडंच वळतात. वखारवाले लाकडाबद्दल बोलतात, छपराबद्दल नाही. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग गेला, तेव्हापासून जो तो सोट आलापल्लीचाच असतो. प्रत्यक्षात पुष्कळ माल घाना, इक्वाडोरकडच्या लागवडीचा येतो. तो वाईट असतो असं नाही, पण कोवळ्या झाडाचा असला तर पांढरं लाकूड जास्त निघतं, आणि त्या पांढऱ्यात वाळवी आधी शिरते. मला साग दाखवताना वखारवाला रंग दाखवतो, गुळगुळीत फळी दाखवतो. मी त्याला एकच विचारतो: खालच्या अंगाच्या लांब नगांत गाठ किती आणि रेषे किती तिरके? दाबाखालच्या लाकडात लहान गाठ चालून जाते. ताणाखालच्या लाकडात गाठ म्हणजे तेवढं लाकूड नसल्यासारखंच. उघड्या छपरात खालची अंगं ताणाखाली असतात आणि सगळ्यात लांबही असतात. म्हणून चांगलं लाकूड आढ्याला द्यायची जुनी रीत इथं उलटी करावी लागते. हे ऐकल्यावर वखारवाला चहा मागवतो आणि दराकडं वळतो.

दुसरे भेटले ते लोखंडी चौकोनी पाइपांच्या कैच्या करणारे. त्या कैच्यांवर ते लाकडी पट्ट्यांचं खोकं चढवतात, आणि खालून बघणाऱ्याला जाड सागाची तुळई असल्याचा भास होतो. याबद्दल मला सभ्य बोलता येत नाही. पाइपाचं छप्पर पाइपाचं म्हणून उभं करा, रंगवा, मी त्याला नमस्कार करीन. पण पोकळ खोक्याला खोटे सांधे काढायचे, त्यावर खोट्या खुंट्यांची डोकी चिकटवायची, आणि ते व्हॉल्टेड म्हणून विकायचं, यानं कारागीर आणि मालक दोघंही बिघडतात. मालकाची नजर खोट्याला सरावते, आणि सरावलेली नजर पुन्हा खऱ्याची किंमत देत नाही. आमच्या धंद्याची उतरण मजुरीनं झाली, जंगलाच्या कायद्यांनी झाली, असं लोक म्हणतात. माझ्या मते ती या खोक्यांनी जास्त झाली. आणि खाऱ्या हवेत त्या खोक्यात पाइप आतून गंजतो तो कुणाला दिसतही नाही.

तिसरे कारखानेवाले. हे परदेशी पाइन किंवा हेमलॉक वाळवून, कापून, कैच्या जोडून गाडीवर चढवून पाठवतात. जोड बहुधा दातेरी पत्र्यांचे असतात. ही रीत 1950च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडाकडं निघाली आणि तिकडची घरं तिच्यावर उभी आहेत, म्हणून मी ती हसण्यावारी नेत नाही. कारखान्यातली कापणी बघितली. कोन असे जुळले होते, की दोन लाकडांमधे कागद शिरला नसता. माझ्या भरातल्या दिवसांतही मी ओळीनं इतके सांधे इतके सारखे कापले नसते. पुतण्या माझ्या तोंडाकडं बघत होता आणि मी दुसरीकडं बघत होतो.

पण कोकण म्हणजे फ्लोरिडाचं वातानुकूलित घर नव्हे. कारखान्यातून बारा टक्के ओलाव्याचं निघालेलं लाकूड आमच्या पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि दरवर्षी हेच होतं. त्या हालचालीनं दातेरी पत्र्याचे दात लाकडातून हळूहळू बाहेर सरकतात. तक्तपोशीच्या मागं ते कुणाला कळणार नाही; उघड्या छपरात पत्रा आधीच डोळ्यांत खुपतो. म्हणून दातेरी पत्रा मी पहिल्याच बोलण्यात बाद केला. लाकडाच्या पोटात चीर पाडून आत जाड पोलादी पट्टी बसवायची आणि आरपार बोल्ट घालायचे, अशी जोडणी मागितली. महाग पडते. पोलाद गंजरोधक हवं, ते आणखी महाग. मालक तयार झाले.

तुळई नको म्हटल्यावर उरली ती तिरक्या तळाची कैची. तिची खालची दोन अंगं भिंतीपासून वर चढत जातात, एकमेकांना छेदतात आणि समोरच्या वाशांना जाऊन मिळतात. आतून छत उंच दिसतं, आणि रेटा बराचसा कैचीतच राहतो. बराचसा, सगळा नाही. भार आला की अशा कैचीचा पाय थोडा बाहेर सरकतोच. किती सरकणार, हे लाकडावर, जोडांच्या ढिलाईवर आणि उतारावर ठरतं. पाय भिंतीला घट्ट आवळला, तर सरकायचं राहतं आणि पुन्हा भिंत ढकलली जाते. म्हणून एका बाजूचा पाय किंचित सरकू शकेल असा बसवावा लागतो, आणि कौलं चढवून सगळा भार बसल्यावर आवळावा लागतो. मला पुरवठादार निवडायचा तर या एका प्रश्नावर निवडायचा होता: भार आल्यावर तुमच्या कैचीचा पाय किती सरकेल?

एकानं सांगितलं, ते सगळं संगणक बघतो. एकानं पॉलिशचे नमुने काढले. एकजण म्हणाला, "मेस्त्री, आमच्या कैच्या हलतच नाहीत." हलत नाही असं लाकूड मी पाहिलेलं नाही, म्हणून तिथून उठलो. मग एका लहानशा कारखान्यात मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिथल्या माणसानं उत्तर दिलंच नाही. उलट विचारलं, भिंत कशाची? जाडी किती? माथ्यावर सलग काँक्रीटचा बीम फिरवणार का, आणि कोपऱ्यात त्याच्या सळया वळवून बांधणार का? किनाऱ्यापासून घर किती लांब? भिंतीची उत्तरं मिळाल्यावर त्यानं दोन दिवसांनी मिलिमीटरमधे आकडा पाठवला, आणि पाय सरकायला तेवढी लांबट भोकं ठेवली. लाकूड कुठलं, दर काय, हे मी त्यानंतर विचारलं. जो तुमच्या भिंतीची चौकशी करतो, त्याला छप्पर कळतं. बाकीचे लाकूड विकतात.

किनाऱ्याचं त्यानं विचारलं, याचं मला विशेष वाटलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूनं वर आलं, ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्यानं. दापोली, मंडणगडात किती छपरं गेली ते आम्ही फिरून पाहिलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. सुतार सहसा वजनाचा विचार करतो, म्हणजे खाली ओढणाऱ्या भाराचा. वारा छप्पर वर उचलतो. त्या घडीला कैचीतलं सगळं उलटं होतं. जे ताणाखाली होतं ते दाबाखाली येतं, आणि जे दाबाखाली होतं ते ओढलं जातं. आमची जुनी खाच, वाशाचा पाय तुळईत बसवायची, दाबाखाली शंभर वर्षं टिकते. ओढीत ती सुटून येते. जुन्या घरांत कौलांचं वजन आणि भरपूर लाकूड यांनी ते सांभाळलं. हलक्या पाइनच्या छपराला पाय भिंतीशी पोलादानं धरून ठेवावाच लागतो, आणि तरी सरकूही द्यावा लागतो. सरकू द्यायचं, उडू द्यायचं नाही. या एका जागेभोवती मी इतकी वर्षं फिरतो आहे, आणि तरी दर घराला ती नवीन असते.

आता अडलं आहे तेही तिथंच. नकाशा आला आहे. पायाच्या जोडात 16 मिलिमीटरचे बोल्ट आहेत, आणि शेवटच्या बोल्टपुढं लाकडाच्या टोकापर्यंत 112 मिलिमीटर लाकूड सोडलं आहे. बोल्टच्या जाडीच्या सात पट, रीतीप्रमाणं पुरेसं. पुतण्या म्हणतो, काका, बरोबर आहे. कागदावर बरोबरच आहे. पण ते टोक वळचणीखाली येतं. लाकूड पाणी पितं ते टोकाच्या कापातून, आडव्या अंगातून फार थोडं. आमच्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर वळचणीत खालून वर शिरतो. मी उतरवलेल्या जुन्या छपरांत मधलं लाकूड खणखणीत आणि भिंतीवरचं टोक बोटानं उकरता येईल असं मऊ, हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्या टोकाचा पहिला दीड इंच पावसाचा आहे असं धरून चालावं. मग तेवढं 112 मधून वजा होतं, आणि बोल्टला लाकूड फाडून बाहेर यायला वाट मिळते. टोकाला काजूच्या टरफलाचं तेल पाजा, वर पत्र्याची टोपी घाला, ते सगळं करणारच आहे. तरी लाकूड ते लाकूड.

मी 150 मागितले आहेत. पुरवठादाराचं म्हणणं, तेवढं वाढवलं तर टोक वळचणीच्या फळीबाहेर येतं आणि दर्शनी बाजू बिघडते. मी कळवलं, टोक बाहेर दिसू दे, मी स्वतः त्याला गोलाई देऊन देतो, तेवढं माझ्या अंगठ्याला अजून झेपतं. ते दिसलं तर मला आवडेलच, हे मी त्याला कळवलं नाही. पुतण्याला मात्र ते लगेच कळलं. उत्तर अजून यायचं आहे, आणि ते येईपर्यंत आगाऊ रकमेचा दुसरा हप्ता द्यायचा नाही, असं मी मालकांना सांगून ठेवलं आहे.